बेटाकडून निरोप नाही

वादळाचा इतिहास लिहिताना वाऱ्याचा वेग, पाण्याची उंची आणि मृतांची संख्या एवढे सांगून बहुतेक लेखक मोकळे होतात. वादळाच्या तडाख्याबाहेर, शे-दोनशे मैलांवर, आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत हे न कळता बसून राहिलेल्यांची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. अर्नाळा, नायगाव किंवा पाचूबंदरच्या कोळीवाड्यात दर्याकडे डोळे लावून बसलेल्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही उणीव चटकन जाणवेल. २००९ च्या नोव्हेंबरातले फयान आणि २०२१ च्या मे महिन्यातले तौक्ते ही वादळे आपल्या वाचकांच्या स्मरणात आहेतच. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने भरकटलेल्या केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी बोटी देवगडच्या बंदरात आल्या. इकडे ते मच्छीमार सुखरूप उतरले, तरी तिकडे त्यांच्या गावांतल्या चर्चमध्ये कुटुंबीय रडतच होते, कारण निरोप पोहोचलेला नव्हता.

या लेखाचा विषय मात्र अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हस्टन हे बेट आणि ८ सप्टेंबर १९०० हा दिवस आहे. अमेरिकेच्या इतिहासात एवढे बळी घेणारी दुसरी नैसर्गिक आपत्ती झालेली नाही. मृतांचा आकडा सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत सांगितला जातो. सामान्यतः आठ हजार धरतात. त्या दिवशी शनिवार होता आणि पवित्र मरियेचा जन्मदिवस होता. आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेचे दिवस ते हेच.

तेव्हाचे गॅल्व्हस्टन म्हणजे कापसाच्या व्यापारावर गबर झालेले बंदर होते. वस्ती सुमारे अडतीस हजारांची. मुख्य भूमीशी ते रेल्वेच्या पुलांनी जोडलेले होते. एवढे वैभवशाली शहर वाळूच्या एका पट्ट्यावर वसलेले होते आणि त्या पट्ट्याचे सर्वांत उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून नऊ फूटसुद्धा नव्हते. त्याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला असलेले इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांनी असे उद्ध्वस्त केले की रहिवासी ते सोडूनच गेले. हे पाहून गॅल्व्हस्टनकरांनी समुद्राला भिंत घालण्याचा विचार केला. पण भीती ओसरली तसा विचारही मागे पडला. १८९१ साली तेथील सरकारी हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून या शहराला वादळापासून मोठा धोका आहे असे मानणे हा निव्वळ भ्रम आहे, अशी ग्वाही दिली. क्लाइन हे विद्वान होते, कर्तव्यदक्ष होते. अशा माणसाने दिलेल्या ग्वाहीवर लोक निर्धास्त झोपतात, हाच तिच्यातला धोका.

वादळाची चाहूल कोणालाच लागली नव्हती असे नाही. हा भाग आपल्या वाचकांना विशेष भावेल, कारण तो येशूसंघीय धर्मगुरूंशी निगडित आहे. क्यूबाची राजधानी हवाना येथील बेलेन महाविद्यालयात येशूसंघीयांची वेधशाळा होती. फादर बेनितो विन्येस १८७० साली तिचे संचालक झाले. उंच आकाशातील पिसासारख्या विरळ ढगांची दिशा पाहून वादळाचे केंद्र कोठे आहे आणि कोणीकडे सरकत आहे हे ओळखण्याची पद्धत त्यांनी बसवली. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी दोन दिवस आधी धोक्याची सूचना प्रसिद्ध केली आणि ती खरी ठरली. त्यांच्याच संघाचे फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ साली फिलिपिन्समधील मनिला येथे हेच कार्य केले, आणि त्याही आधी, १८६७ साली, आपल्या कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर यूजीन लाफाँ यांनी हवामानाच्या नोंदींवरून येऊ घातलेल्या वादळाची सूचना अधिकाऱ्यांना दिली होती. (इंग्रजीतील 'सायक्लोन' हा शब्ददेखील कलकत्त्यातच, हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ च्या सुमारास घडवला. बंगालच्या उपसागराने जगाला ही देणगी फार मोठी किंमत घेऊन दिली आहे.)

फादर विन्येस १८९३ साली निवर्तले. त्यांच्या जागी फादर लोरेंझो गांगोइते आले. १९०० च्या सप्टेंबरात वादळ क्यूबा ओलांडून गेले तेव्हा ते आता मेक्सिकोच्या आखातात शिरून अधिक उग्र होईल आणि टेक्साससारख्या पश्चिमेकडील किनाऱ्यावर जाईल, असे क्यूबातील निरीक्षकांचे मत पडले. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचे मत नेमके उलट होते: वादळ फ्लोरिडाकडे वळून अटलांटिकच्या किनाऱ्याने निघून जाणार. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात होता. त्याच ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकन सरकारने क्यूबातील स्थानिक निरीक्षकांना वादळासंबंधीच्या तारा पाठवण्यास मनाई केली होती. कारण काय, तर हे लोक उगाच घबराट पसरवतात! अंकित देशातील माणसाचे ज्ञान ते ज्ञानच नव्हे, ही वृत्ती आपल्याला नवी नाही. म्हणजे गॅल्व्हस्टनची वार्ताबंदी वादळाने तारा तोडण्याच्या आधीच सुरू झाली होती.

शुक्रवारी लाटा मोठ्या होऊ लागल्या. शनिवारी सकाळी समुद्राचे पाणी सखल रस्त्यांवर आले. मुले त्यात खेळत होती आणि मोठी माणसे गंमत पाहायला किनाऱ्यावर जात होती. दुपारनंतर वाऱ्याने जोर धरला. साडेतीनच्या सुमारास हवामान कचेरीतून, आखाताचे पाणी चढत आहे आणि शहर बुडत आहे, असा निरोप ह्यूस्टनमार्गे वॉशिंग्टनला धाडण्यात आला. त्यानंतर टेलिफोनची उरलेली तारही गेली. बोमाँटकडून आलेली आगगाडी खाडीपलीकडे बोलिव्हरला अडकली. तिच्यातील दहा प्रवासी उतरून जवळच्या दीपस्तंभात गेले. तेथे सुमारे दोनशे रहिवासी आधीच जिन्यावर दाटीवाटीने बसले होते. डब्यात बसून राहिलेले पंचाऐंशी जण बुडाले. संध्याकाळी सव्वासहा वाजता वेधशाळेचे वायुमापक यंत्र ताशी शंभर मैलांचा वेग दाखवून उडून गेले, आणि पाणी पंधरा फुटांवर चढले.

शहरापासून तीन मैलांवर, अगदी पुळणीला लागून, सेंट मेरी अनाथाश्रम होता. तो चालवणाऱ्या धर्मभगिनींचा संघ बिशप क्लोद द्युबुई यांनी १८६६ साली फ्रान्समधील लियाँहून भगिनी आणून उभा केला होता. पिवळ्या तापाच्या साथींनी पोरकी झालेली मुले हे त्यांच्या आश्रमाचे मूळ. ताप शहरातल्या दाटीत पसरतो म्हणून मुलांना शहराबाहेर, समुद्राच्या मोकळ्या हवेत ठेवावे, अशा सद्हेतूने ती जागा निवडलेली होती. दोन दुमजली इमारती, समोर वाळूचे उंचवटे आणि त्यांवर झाऊसारखी झाडे. त्या दिवशी तेथे त्र्याण्णव मुले होती आणि दहा भगिनी.

त्या दहा जणींपैकी सिस्टर एलिझाबेथ रायन शनिवारी सकाळी मुलांसाठी अन्नधान्य आणायला गाडी घेऊन शहरात गेल्या होत्या. संघाच्या इस्पितळात त्या थांबल्या तेव्हा रस्त्यांवर पाणी चढू लागले होते. मदर गॅब्रिएल यांनी त्यांना परोपरीने विनवले, वादळ ओसरेपर्यंत येथेच राहा. सिस्टर एलिझाबेथ म्हणाल्या की जेवणाचे सामान माझ्या गाडीत आहे; मी परतले नाही तर मुलांना रात्रीचे जेवण मिळणार नाही. आणि त्या निघाल्या. या प्रसंगाकडे हौतात्म्याच्या चष्म्यातून पाहण्याचा मोह होतो, तो मी टाळतो. त्या बाईने जिवावर उदार होऊन काही केले असे मला वाटत नाही. घरी मुले आहेत, संध्याकाळ होत आली आहे आणि सामान आपल्याजवळ आहे, एवढाच तो हिशेब. कोणत्याही आईने हाच केला असता. ज्यांनी आईपण स्वीकारले ते रक्ताच्या नात्याने नव्हे तर व्रताने, त्यांनाही हिशेब तोच सुचला, ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

पुढची हकिगत जी कळली ती तीन मुलांमुळे. वाळूचे उंचवटे पाहता पाहता विरघळले. आश्रमाच्या मुख्य सिस्टर कॅमिलस ट्रेसी यांनी सर्व मुलांना मुलींच्या इमारतीत आणले, कारण ती नवी आणि अधिक भक्कम होती. तेथील प्रार्थनामंदिरात मुलांचे भय घालवण्यासाठी भगिनींनी त्यांच्याकडून एक जुने फ्रेंच स्तोत्र म्हणवून घेतले. समुद्रावरील वादळात कोळी लोक पवित्र मरियेला 'लाटांची राणी' म्हणून हाक मारीत, तेच हे स्तोत्र. पाणी तळमजल्यात शिरले तेव्हा सर्व जण वर गेले. कपडे वाळत घालण्याची दोरी आणवून भगिनींनी तिचे तुकडे केले. प्रत्येकीने सहा ते आठ मुले एकमेकांना जोडून आपल्या कमरेच्या दोरीला बांधून घेतली. काही मोठी मुले कौलांवर चढली. मुलांची इमारत आधी कोसळली. आठच्या सुमारास मुलींच्या इमारतीचा पाया सुटला आणि छप्पर खाली आले.

विल्यम मर्नी, फ्रँक मडेरा आणि आल्बर्ट कॅम्पबेल ही तीन मुले पाण्यात अडकलेल्या एका झाडाला धरून राहिली. एका दिवसाहून अधिक काळ ती तशीच होती. शेवटी शहरात पोहोचून त्यांनीच इस्पितळातील भगिनींना सांगितले. बाकीची नव्वद मुले आणि दहाही भगिनी गेल्या. वाळूत एका भगिनीचा देह सापडला तेव्हा दोन लहान मुले तिच्या मिठीत घट्ट होती. ज्या ज्या ठिकाणी देह मिळाले तेथेच त्यांना, दोऱ्या न सोडता, मूठमाती देण्यात आली. मुले मोकळी असती तर आणखी काही वाचली असती, असा तर्क कोणी करील. इमारतीच्या चिंधड्या घेऊन येणाऱ्या लाटा आणि डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख, यांत सहा वर्षांचे पोर हातातून सुटल्यावर किती वेळ टिकले असते, याचा विचार त्याने करावा.

त्याच घटकेला, घड्याळाचा फरक लक्षात घेतला तर, मुंबईत रविवारची सकाळ झाली होती. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी मोतमाऊलीची जत्रा सुरू होते, त्या आजच्या रिवाजाप्रमाणे तो जत्रेचा पहिला दिवस ठरतो.

आता बेटाबाहेरच्या लोकांकडे वळू. शनिवार दुपारपासून गॅल्व्हस्टनचा कोणताही निरोप नव्हता. ह्यूस्टन पन्नास मैलांवर. तेथेही वादळाने नासधूस केली होती, पण माणसे जिवंत होती, आणि त्यांचे भाऊ, मुली, भागीदार, गिऱ्हाइके बेटावर होती. रविवारी बेटाच्या दिशेने धाडलेली आगगाडी खाडीपासून सहा मैलांवर अडली. त्या गाडीने परत आणलेली वार्ता ह्यूस्टनच्या तार कंपनीच्या व्यवस्थापकाने वॉशिंग्टनला कळवली. गवताळ मैदानावर मोडतोड आणि प्रेते पसरली आहेत. गाडीतून सुमारे दोनशे मोजली. एक मोठी आगबोट दोन मैल आत जमिनीवर येऊन बसली आहे. गॅल्व्हस्टनचे काहीच दिसत नाही. त्याच तारेच्या शेवटी, हवामान खात्याला पाठवायची म्हणून, त्याने पुढे जोडले की येथे आकाश निरभ्र आहे आणि आग्नेयेची मंद झुळूक वाहत आहे. वादळानंतरचा दिवस बहुधा असाच सुंदर असतो, आणि ज्याचे माणूस बेपत्ता आहे त्याला तो सहन होत नाही.

त्या रविवारी बेटावरच्या सहा माणसांनी एका छोट्या वाफेच्या होडीतून खाडी ओलांडली. चिखल तुडवीत, मग रुळांवरील हातगाडीने आणि शेवटी आगगाडीने ते सोमवारी पहाटे तीन वाजता ह्यूस्टनला पोहोचले. तेथून त्यांनी राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना तारा केल्या. मृतांचा अंदाज त्यांनी पाचशे सांगितला. ऐकणाऱ्यांना तो फुगवलेला वाटला.

टपाल १२ तारखेला पोहोचले. तारयंत्र १३ तारखेला कसेबसे सुरू झाले. पाच दिवस. आज खिशातला फोन अर्धा तास लागला नाही तरी आपला जीव वरखाली होतो. 'गॅल्व्हस्टन न्यूज' या पत्राने मृतांच्या याद्या छापण्यास आरंभ केला. देशभरातील माणसे नाव नसावे म्हणून यादी वाचीत आणि नाव नसले तरी सुटका नसे, कारण यादी पुरी झालेली नव्हती, ती कधी पुरी होणारही नव्हती.

मृत्यूची बातमी आली की काय करायचे ते ख्रिस्तसभेने आपल्याला शिकवून ठेवले आहे. घंटा वाजते, शेजारी जमतात, रोझरी होते, दफनाची मिस्सा होते, महिन्याची मिस्सा येते. दुःखाला वाट आणि पायऱ्या मिळतात. पण बातमीच नसेल तर? समुद्रकाठच्या धर्मग्रामात सेवा केलेल्या कोणाही धर्मगुरूला हा पेच ठाऊक आहे. होडी परतली नाही, पंधरा दिवस झाले, महिना झाला. घरातले थोरले म्हणतात, फादर, आता मृतात्म्यासाठी मिस्सा वाहा, आणि आई म्हणते, नको, तो मेला असे मी म्हणणार नाही. दोघांपैकी कोणाला चूक म्हणणार? धर्मगुरूने अशा वेळी मिस्सा 'विशेष हेतूसाठी' म्हणून वाहावी आणि हेतू देवावर सोडावा, हा जुन्या धर्मगुरूंचा शहाणपणा मला पटत आला आहे.

गॅल्व्हस्टनमध्ये हा पेच हजारो घरांत एकाच वेळी उभा राहिला, आणि वर भाद्रपदासारखे ऊन. पहिल्या दिवसांत सुमारे सातशे प्रेते पडावात घालून समुद्रात सोडली. लाटांनी ती परत किनाऱ्यावर आणली. मग जागोजागी चिता रचल्या गेल्या आणि त्या अनेक आठवडे जळत होत्या. १८८६ पासून रोमच्या आदेशाने कॅथलिकांना दहनाची मनाई होती. ती १९६३ साली सैल झाली. तरीही रोगराईच्या भयाने ते करणे भाग पडले. सेंट मेरी कॅथेड्रलचे तरुण धर्मगुरू फादर जेम्स कर्विन, वय अवघे अठ्ठावीस, मदतकार्याच्या पुढाऱ्यांत होते. वादळाच्या रात्री बिशप गॅलगर यांनी त्यांनाच, इतर धर्मगुरूंची मरणासाठी तयारी करून घ्या, असे सांगितले होते म्हणतात. दुसरे एक काळे पानही नोंदवले पाहिजे. ती प्रेते पडावात भरण्याचे काम कृष्णवर्णीय पुरुषांकडून बंदुकीच्या धाकाने करून घेतले गेले. त्यांचीही माणसे त्या ढिगांत होती.

उर्सुलाइन भगिनींच्या कॉन्व्हेंटने त्या रात्री सुमारे हजार लोकांना आसरा दिला. तेथे बाळेही जन्मली.

आणि आयझॅक क्लाइन? शनिवारी घोडागाडीतून पुळणीवर फिरून आपण हजारोंना सावध केले, असे त्यांनी पुढे लिहिले. अलीकडील इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे. इतरांच्या आठवणींत त्याचा पुरावा मिळत नाही. त्यांचे घर भक्कम म्हणून पन्नासेक माणसे तेथे जमली होती. वाहून आलेल्या रेल्वेच्या पुलाचा सांगाडा घरावर आदळला आणि घर कोसळले. क्लाइन, त्यांचे भाऊ जोसेफ आणि तीन मुली तरंगत्या ढिगाऱ्यावर रात्रभर राहून वाचल्या. गर्भवती पत्नी कोरा बुडाली. तीन आठवडे ते तिला शोधत राहिले. ३० सप्टेंबरला ढिगारे उपसताना तिचा देह मिळाला; तो बोटातील अंगठीवरून ओळखला. ज्या तरंगत्या ढिगाऱ्यावर ते स्वतः वाचले होते त्याच्याच खाली ती होती. १८९१ च्या त्या लेखाबद्दल त्यांना दूषण देणाऱ्यांनी हे तीन आठवडेही लक्षात ठेवावेत.

पुढे जी भिंत आधी परवडत नव्हती ती बांधली गेली. १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंचीची तीन मैलांहून लांब भिंत उभी राहिली, आणि खाडीतली वाळू उपसून सारे शहर वर उचलले गेले. दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून उचलल्या. त्यांत सेंट पॅट्रिकचे तीन हजार टनांचे चर्चही होते. १९१५ साली तशाच ताकदीचे वादळ आले तेव्हा भिंतीआड फारच थोडी माणसे दगावली. आपल्या वसईनेही १६१८ च्या मे महिन्यात असेच एक भीषण वादळ सोसले होते, ज्यात चर्चांची छपरे उडाली आणि असंख्य झाडे उन्मळली. त्याची आठवण मात्र आपण जुन्या पोथ्यांत बंद करून ठेवली आहे.

उरलेल्या भगिनींनी १९०१ साली अनाथाश्रम पुन्हा उघडला. या वेळी शहरात. दरवर्षी ८ सप्टेंबरला त्या संघाच्या भगिनी जेथे कोठे असतील तेथे 'लाटांच्या राणी'चे ते स्तोत्र म्हणतात. जुन्या आश्रमाच्या जागेवरून आता समुद्रभिंतीचा रस्ता जातो. १९९४ साली, त्याच तारखेला, तेथे एक फलक बसवण्यात आला. त्याच्या समोर रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे समुद्र.